अलास्कात अस्वलं बघायला : जुलैत की गणपती आटपून?

सुरुबन
मंडळी, सल्ला हवाय. पुढच्या वर्षी अलास्कात कॅटमाई नॅशनल पार्कला जायचं डोक्यात आहे. धबधब्यात उभं राहून अस्वल उडता मासा तोंडात पकडतं तो फोटो सगळ्यांनी बघितलेला असतो ना, ती जागा, ब्रुक्स फॉल्स. बहीण सिएटलला आहे, व्हिसा आम्हा तिघांचाही आहे (मी, नवरा आणि लेक, बारा वर्षांची), म्हणजे निम्मं काम झालंय असं धरून चाललेय, पण पुढचं काही सुधरत नाही. दोन सीझन दिसतात. जुलैत मासे धबधबा चढतात तेव्हा अस्वलांची गर्दी होते आणि मग सप्टेंबरात परत, तेव्हा ती खाऊन खाऊन गोल झालेली असतात. मला खरं तर गोल झालेलीच बघायचीत. पण सप्टेंबर म्हणजे गणपती. आमचा दापोलीजवळ घरचा गणपती असतो, पाच दिवस, आणि त्या दिवसांत घर सोडायचं नाही हा सासऱ्यांचा कायदा. २०२६ ची चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे. तर जुलैत जावं की गणपती आटपून? तंबूत राहणं कितपत सेफ? कोणी गेलंय का?

काजूबोंडू
गणपती आटपूनच जा. निघताना उंदीरमामांच्या कानात सांगा, प्राणीखात्यात वशिला लागला तर लागला.

वडाचीसावली
राग मानू नका, पण अस्वल बघायला पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला कशाला जायचं? हंपीच्या शेजारी दरोजी आहे, खास अस्वलांसाठीचंच अभयारण्य. मडगावहून होस्पेटला थेट रेल्वे आहे. तुमच्या एका विमान तिकिटात अख्खी वाडी जाऊन येईल आणि वर हंपी बघून होईल.

मालवणी_गाबित
दरोजी तरी कित्याक? आमच्या दोडामार्गात येवा. मावसभावाच्या काजीत अस्वल इला, तो भियान झाडार चढलो. अस्वलाक पण झाडार चढूक येता ह्या तेका वर गेल्यार कळला.

काजूबोंडू
मगे?

मालवणी_गाबित
मगे काय, कुत्रे भुकाक लागले तेवा अस्वल उतारला. भाऊस काय उतराक तयार नाय. वयनीन जेवान झाडाखाली नेल्यान तेवा खाली इलो.

निसर्गवेडा
गाबित 😂 पण आपलं अस्वल आणि तिकडचं अस्वल यात गल्लत नको. आपलं ते स्लॉथ बेअर, वाळवी, मुंग्या, मध, पिकलेली फळं खाणारं. दिसायला झिपरं आणि निवांत, पण अचानक समोरासमोर आलं तर पळण्याआधी हल्ला करतं, म्हणून रानात जाणारी माणसं वाघापेक्षा त्याला जास्त वचकून असतात. कॅटमाईतलं ते ब्राऊन बेअर, समुद्राकाठच्या भागातलं, मासे खाऊन वाढणारं. मोठा नर शरद ऋतूत साडेचारशे किलोच्याही वर जातो.

दरोजीला मी गेलोय. १९९४ साली अभयारण्य झालं. दुपारी वनखात्याची माणसं समोरच्या खडकांवर गूळ-मधाचं मिश्रण चोपडून जातात, मग आपण मनोऱ्यावर बसून वाट बघायची. उन्हं कलली की पिल्लं पाठीवर घेतलेली मादी कपारीतून बाहेर येते. छान दिसते, पण लांबून, दुर्बीण नसेल तर काळे ठिपके. आणि गूळ लावून बोलावलेलं अस्वल बघणं मला तरी अर्धवट वाटलं, हे माझं मत.

वडाचीसावली
गूळ लावलेला नको आणि अमेरिकेत बांधलेल्या फळीवर रांगेत उभं राहून बघितलेलं चालतं, असं का?

निसर्गवेडा
रांग माणसांची असते हो, अस्वलांना कोणी आमंत्रण दिलेलं नसतं. ती माशांसाठी येतात, आपण असलो काय नसलो काय.

बंदरवाडी
भांडू नका, बाईंनी तारीख विचारलीय.

लाटांवरून
मी गेलेय, जुलैत, आता पोर्टलंडला असते, माहेर गुहागर. सविस्तर लिहिते, चहा घेऊन बसा.

पहिलं म्हणजे तिथे रस्ता नाही. पार्क रत्नागिरी जिल्ह्याच्या साधारण दुप्पट आहे पण बाहेरून गाडीने ब्रुक्सपर्यंत जाता येतच नाही. अँकरेजहून विमानाने किंग सॅमन नावाच्या गावी जायचं, तिथून छोट्या पाण्यावर उतरणाऱ्या विमानाने ब्रुक्स कॅम्प. ते विमान तळ्यात उतरतं आणि तुम्ही थेट किनाऱ्यावर, जिथे अस्वलंही फिरत असतात. म्हणून उतरल्या उतरल्या रेंजर सगळ्यांना आधी शाळेत बसवतात, खरोखर शाळा, अस्वल दिसलं तर काय करायचं याची, ती झाल्याशिवाय पुढे सोडत नाहीत. अस्वलापासून ५० यार्ड म्हणजे ४५ मीटर अंतर ठेवायचं, ते तुमच्याकडे आलं तर तुम्ही मागे व्हायचं. पायवाटेवर बोलत चालायचं म्हणजे त्याला आपण येतोय हे कळतं. गप्प बसायची सवय नसलेल्या आपल्या माणसांना हा नियम फार मानवतो.

खाण्याचं फार कडक आहे. नेमून दिलेल्या जागेबाहेर काही खायचं नाही, वाटेवर आणि धबधब्याजवळ फक्त पाणी. टूथपेस्ट, क्रीम, साबण, ज्याला ज्याला वास आहे ते सगळं तंबूत न ठेवता वेगळ्या कोठीत ठेवायचं. तंबूच्या जागेभोवती विजेचं कुंपण असतं. सेफ का विचारलंत, तर नियम पाळले तर मला आपल्या हायवेवर रात्री दुचाकी चालवण्यापेक्षा सेफ वाटलं.

धबधबा उंचीला फार नाही, दोन मीटरच्या आतबाहेर. जुलैत तिथल्या फळीवर एका वेळी ४० माणसं सोडतात, गर्दी असली की नाव लिहून नंबर लावायचा आणि तासभराने खाली उतरून परत नंबर. पण तो एक तास! मोठे नर धबधब्याच्या पायथ्याशी चांगल्या जागा धरून बसतात, जागेवरून भांडणं होतात. मी एका मादीला अगदी जवळून खाताना बघितलं. पुढच्या पंजाखाली मासा खडकावर दाबून धरला, दातांनी डोक्याकडून कातडी धरली आणि सोलत शेपटीपर्यंत नेली, ती खाल्ली, मग पोट फाडून गाबोळी खाल्ली, आणि उरलेला आख्खा लाल मासा टाकून दिला पाण्यात. सीगल टपलेलेच होते. मासे भरपूर असले की चरबीवाला भाग तेवढा खातात, त्यांना हिवाळ्यासाठी चरबी हवी असते. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या माझ्या आईच्या तोंडून निघालं, अगं केवढा सॅमन फुकट घालवला मेलीने.

काजूबोंडू
आई 🙏

मालवणी_गाबित
गाबोळी खाता आणि मासो टाकता म्हणजे चव कळता तेका.

खाडीकाठ
म्हणजे आपल्याकडे पहिल्या पावसात चढणीचे मासे येतात तसंच की. आम्ही लहान असताना शेतातून उलटे चढणारे मासे पकडायला रात्री कंदील घेऊन जायचो. फक्त आमच्या समोर अस्वल नव्हतं, शेजारचे काका होते, तेही जागेवरून भांडायचे.

निसर्गवेडा
खाडीकाठ, बरोबर, अंडी घालायला गोड्या पाण्यात वर चढणं हे दोन्हीकडे आहे. फरक असा की सॉकाय सॅमन जन्मतो नदीत, वाढतो समुद्रात, जन्मल्या नदीत परत येतो आणि अंडी घातली की मरतो. ब्रिस्टल बे म्हणजे सॉकाय सॅमनचं जगातलं सगळ्यात मोठं ठिकाण आणि ब्रुक्स नदीचं पाणी तिकडेच जातं, म्हणून तिथे एवढी अस्वलं. नदी लांबीला जेमतेम अडीच किलोमीटर.

त्यावरूनच सीझन ठरतो. जुलैत मासा ताजा, जोरात उड्या मारत धबधबा चढतो, अस्वलं धबधब्यावर. ऑगस्टात मासा ब्रुक्सला सहज हाती लागत नाही, अस्वलं दुसऱ्या ओढ्यांवर पांगतात, तेव्हा ऑगस्टात तिकीट स्वस्त दिसलं तरी काढू नका. सप्टेंबरात अंडी घालून दमलेला, मेलेला मासा नदीच्या खालच्या भागात वाहत येतो आणि अस्वलं परत हजर, पण धबधब्यापेक्षा खालच्या बाजूला, पुलाजवळ. उडता मासा हवा असेल तर जुलै, जाडी हवी असेल तर सप्टेंबर. दोन्ही एका ट्रिपमध्ये नाही मिळत.

सुरुबन
लाटांवरून, निसर्गवेडा, खूप खूप आभार, केवढं लिहिलंत. आईंचा डायलॉग नवऱ्याला वाचून दाखवला, तो म्हणतो मला तिथे नेलंस तर मीही हेच म्हणेन. म्हणजे माझं सप्टेंबरचं स्वप्न १९ तारखेनंतर बसतंय का बघायला हवं.

लाटांवरून
नाही बसणार. लॉज आणि कॅम्पची व्यवस्था जूनपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंतच असते. तुमचं विसर्जन होईपर्यंत तिथली माणसं बॅगा भरत असतील.

बंदरवाडी
मग चतुर्थीच्या आधी जा ना, १ ते ९ सप्टेंबर. १२ ला घरात.

सुरुबन
आणि मखर? घराची साफसफाई, रंग, भजनीमंडळाची यादी, मोदकांचं पीठ? १२ ला जेटलॅगमध्ये आले आणि १४ ला उकडीचे वळायला बसले तर मोदकाची अस्वलं होतील.

काजूबोंडू
लेकीला सांगा, यंदाचा देखावा ब्रुक्स फॉल्स. थर्माकोलला बंदी आहे, पुठ्ठ्याचा धबधबा करा. सासरे खूश, तुम्ही खूश, खर्च दोनशे रुपये.

वडाचीसावली
हा पहिला मुद्दा ज्याला माझं पूर्ण अनुमोदन.

चुलीवरची
मी सांगू? २०२७ ला चतुर्थी ४ सप्टेंबरला आहे. पाच दिवसांचा गणपती म्हणजे ८-९ ला विसर्जन. बहीण सिएटलला आहेच, तिच्याकडे एक रात्र टेकून ११-१२ पर्यंत ब्रुक्सला पोचता येईल. कॅलेंडर उघडून बसले होते म्हणून दिसलं.

लाटांवरून
चुलीवरची, भारी! आणि हे लॉजच्या हिशोबानेही जमतं कारण लॉजच्या खोल्या लॉटरीने देतात आणि ती लॉटरी वर्ष-दीड वर्ष आधी असते. २०२६ चं लॉज विसरा, पण २०२७ साठी नाव घालता येईल. तंबूचं वेगळं आहे. त्याचं बुकिंग त्याच वर्षीच्या ५ जानेवारीला सकाळी ८ ला उघडतं, अलास्काच्या घड्याळाने, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेदहा. एकूण ६० माणसांची जागा, जुलैच्या तारखा काही मिनिटांत संपतात. भाडं माणशी रात्रीला १८ डॉलर, म्हणजे त्या सगळ्या ट्रिपमधली सगळ्यात स्वस्त गोष्ट तीच. बाकी पैसे विमानांत जातात. तंबू नाही मिळाला तर अँकरेज किंवा होमरहून एका दिवसात जाऊन येणारी छोटी विमानं आहेत, पण माणशी हजार डॉलर किंवा वरच धरा, आणि धुकं-पाऊस असला की विमान उडत नाही, म्हणून मागेपुढे एकेक मोकळा दिवस ठेवाच.

बंदरवाडी
टूर कंपनीच्या नादी लागू नका एवढं माझ्याकडून. आमच्या ओळखीत एकांनी 'अलास्का वाइल्डलाइफ' म्हणून पॅकेज घेतलं, निघाली सगळी क्रूझ, जहाजावर रोज बुफे आणि बंदरावर उतरलं की दागिन्यांची दुकानं. अस्वल दिसलं ते विमानतळावर काचेच्या पेटीत भुसा भरलेलं. तक्रार केली तर म्हणतात प्राणी दिसण्याची हमी नसते असं बारीक अक्षरात लिहिलंय.

दर्यावर्दी७
मर्चंट नेव्हीत असताना त्या बाजूला जाणं झालंय. एक पर्याय कोणी बोललं नाही. लेक क्लार्क नॅशनल पार्क, तिथेही रस्ता नाही, विमान थेट समुद्रकिनाऱ्यावर वाळूत उतरतं. तिथे जूनमध्ये अस्वलं किनाऱ्यालगतचं हिरवं गवत गाईसारखी चरतात आणि ओहोटी लागली की चिखलवाळूत उतरून शिंपल्या खणून काढतात, नखाने अलगद उघडून आतलं तेवढं खातात. गर्दी ब्रुक्सपेक्षा कमी. ज्यांना जुलै जमत नाही त्यांनी जूनचा विचार करावा.

दुसरं म्हणजे मॅकनील रिव्हर. ते राज्य सरकारचं राखीव क्षेत्र, दिवसाला १० च माणसांना परवाना, तोही लॉटरीने, अर्ज १ मार्चपर्यंत. तिथे एका वेळी सत्तरहून जास्त अस्वलं दिसल्याची नोंद आहे. नशीब आजमावायला हरकत नाही.

सुरुबन
जूनचं मनात येऊन गेलं होतं पण आमची थोडी कलमं आहेत, मे संपेपर्यंत नवरा पेट्यांतच असतो, नंतर पावसाआधीची कामं. जुलैत लेकीची शाळा बुडेल पण बाई ऐकतील.

चुलीवरची
खाण्याचं काय करणार? आम्ही कुठेही गेलो तरी सुकट आणि सोडे बॅगेत असतातच.

लाटांवरून
सुकट!!! चुलीवरची, पूर्ण कॅटमाईतली अस्वलं तुमच्या तंबूला प्रदक्षिणा घालतील. वासाचं काहीही नको. मेतकूट-भातसुद्धा स्वयंपाकाच्या शेडमध्येच.

मालवणी_गाबित
सुको बांगडो भाजलो तर रेंजर पण येतीत.

हापूसप्रेमी
मला एक कळत नाही, एवढा आटापिटा करण्यापेक्षा कॅमेऱ्यावर बघा की. २०१२ पासून तिथे लाईव्ह कॅमेरे लावलेत, फुकट. आपल्याकडे रात्री दहाला तिथे सकाळचे साडेआठ, म्हणजे जेवून अंथरुणावर पडलं की अस्वलं कामावर. आमच्याकडे सिरियल बंद झालीय त्यापायी. वहिनी तर नंबरांनी ओळखतात. १२८ म्हणजे ग्रेझर, ३२ म्हणजे चंक. २०२५ च्या फॅट बेअर वीकमध्ये, म्हणजे सगळ्यात जाड अस्वलाला लोक ऑनलाईन मतं देतात त्या स्पर्धेत, चंक जिंकला, जबडा मोडलेला असताना! मोडक्या जबड्याने एवढं वजन कसं वाढवलं देव जाणे.

चिंचेचंझाड
मी चंकला मत दिलं नाही. २०२४ च्या जुलैमध्ये ग्रेझरची पिल्लं धबधब्यावरून खाली वाहून आली आणि याच चंकने एकाला मारलं, ते कॅमेऱ्यावर लोकांनी बघितलं. ग्रेझर अंगावर गेली त्याच्या, पण पिल्लू वाचलं नाही. त्या वर्षीच्या फायनलला तेच दोघं समोरासमोर आले आणि ग्रेझर जिंकली. सुरुबन, तुमची लेक बारा वर्षांची आहे म्हणून विचारते, हे असलं काही डोळ्यासमोर घडलं तर? माझा मुलगा तेव्हा दहाचा होता, कॅमेऱ्यावरच बघितलं, दोन दिवस जेवला नाही नीट.

वडाचीसावली
हा मुद्दा महत्त्वाचा आहे. आपण प्राण्यांना टोपणनावं ठेवतो, मतं देतो, आणि मग त्याने अस्वलासारखं वागलं की आपल्याला धक्का बसतो. २००३ साली त्याच पार्कात एक अमेरिकन माणूस, कित्येक उन्हाळे अस्वलांच्या जवळ राहिलेला, त्यांना नावं ठेवून लळा लावलेला, तो आणि त्याची मैत्रीण दोघंही अस्वलाच्या हल्ल्यात गेले. ऑक्टोबर महिना होता, गर्दीचा हंगाम संपलेला.

निसर्गवेडा
वडाचीसावली, पहिल्यांदा आपलं जमलं. फक्त एवढंच जोडतो की तो माणूस ब्रुक्सला नव्हता, लांब किनाऱ्यावर तंबू टाकून, कुंपण न लावता राहत होता. नियम पाळणाऱ्या पर्यटकाशी त्याची तुलना नको.

सुरुबन
चिंचेचंझाड, बरं झालं विचारलंत. लेकीला काल ते सगळं सांगितलं, लपवलं नाही. ती म्हणाली की आपली मांजर पण पाखरं मारते, तू तिला दूध देतेसच ना. आता यावर मी काय बोलणार.

काजूबोंडू
लेकीला पाठवा, तुम्ही घरी राहा.

खाडीकाठ
मला एक शंका, पार्क अस्वलांसाठीच केलंय का? एवढ्या जुन्या काळात कोणाला सुचलं?

दर्यावर्दी७
अस्वलांसाठी नाही, ज्वालामुखीसाठी. १९१२ मध्ये तिथे नोवारुप्ता फुटला, विसाव्या शतकातला सगळ्यात मोठा स्फोट. आख्खी दरी राखेने भरली आणि जमिनीतून वर्षानुवर्षं वाफा येत राहिल्या, म्हणून तिला दहा हजार धुरांची दरी म्हणतात. १९१८ मध्ये ती दरी राखायला स्मारक जाहीर केलं, नॅशनल पार्क झालं १९८० मध्ये. ब्रुक्सहून त्या दरीला दिवसाची बस जाते. अस्वलांची गर्दी सहन होईना तर तिकडे जा, शांत आहे.

बंदरवाडी
बरं बाई, ठरलं काय?

सुरुबन
ठरलं असं की २०२६ च्या जुलैचा तंबू, ५ जानेवारीला रात्री साडेदहाला तीन मोबाईल आणि बहिणीचा लॅपटॉप. मिळाला तर जाणार. नाही मिळाला तर एका दिवसाच्या विमानावर पैसे घालवायचे नाहीत असं नवऱ्याचं म्हणणं आहे आणि मला पटलंय, मग २०२७ च्या सप्टेंबरसाठी लॉजच्या लॉटरीत नाव. सासऱ्यांना कॅलेंडर दाखवलं, ते म्हणाले विसर्जन झाल्यावर कुठेही जा, मला विचारू नका. आणि मधल्या काळात डिसेंबरात हंपी-दरोजी, वडाचीसावली, तुमच्यासाठी.

वडाचीसावली
दुर्बीण न्या. आणि मनोऱ्यावर दुपारीच चढून जागा धरा, कठड्याजवळची.

लाटांवरून
जुलै ठरलं तर डासांची जाळी, डोक्यावरून घालायची ती, आत्ताच घ्या. अलास्कातले डास आपल्या आगोटच्या डासांना ऐकणार नाहीत. पावसाचे चांगले कपडे तुमच्याकडे असतीलच, दापोलीकरांना ते काय सांगायचं. अस्वलांना पळवायचा स्प्रे इकडून आणू नका, प्रवासी विमानात बॅगेतसुद्धा चालत नाही.

चुलीवरची
आणि सुकट मला परत द्या ज्यांना कुणाला दिली असेल त्यांनी, मी आता दुसऱ्या धाग्यावर चालले, सोड्याच्या खिचडीच्या.

दर्यावर्दी७
सुरुबन, माझ्याकडे जाड रबरी बूट पडून आहेत, आठ नंबर, नवऱ्याला होत असतील तर चिपळूणला येऊन घेऊन जा. तंबूपासून शेडपर्यंत चिखल असतो.

सुरुबन
त्याला नऊ लागतो. लेकीला विचारते, तिचा पाय वाढतोय.